लोणारच्या विवरातील कमळजा देवी

श्रोतेहो, देवीचं देऊळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गड उभा राहतो. माहूरची रेणुका गडावर, वणीची सप्तशृंगी गडावर. देवी उंचावर बसलेली आणि भक्त धापा टाकीत पायऱ्या चढणारा, असाच आपला अनुभव. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला मात्र सगळे उलटे आहे. तिथं देवीच्या दर्शनाला जायचे तर चढायचे नाही, उतरायचे. गावाच्या कडेला आलात की जमीन एकाएकी संपते आणि पायाशी एक प्रचंड गोल खड्डा दिसतो. त्याच्या तळाशी हिरवट पाण्याचे तळे, तळ्याभोवती झाडी, आणि त्या झाडीत, पाण्याला लागून, काळ्या दगडाचे एक बुटके, भक्कम देऊळ. हीच कमळजा देवी. बायाबापड्या तिला नुसतं 'माय' म्हणतात.

या खड्ड्यात आणि काठावर जुनी देवळे पुष्कळ आहेत. आत खाली उतरलात तर बहुतेक देवळे ओस पडलेली दिसतील. कुणाचे छत कोसळलेले, कुणाच्या भिंतीत वडाची मुळे शिरलेली. पण कमळजेचा दिवा विझला नाही. नवरात्रात खण-नारळ घेऊन माणसे पायवाटेने खाली उतरतात, ओटी भरतात, परडी पुजतात आणि पुन्हा वर चढतात. म्हणूनच या देवळाची हकिगत सांगावी असे वाटले. आणि दुसरेही एक कारण आहे. अलीकडच्या वर्षांत तळ्याचे पाणी चढत चढत देवीच्या दारापर्यंत आले. त्याविषयी शेवटी बोलू.

आधी हा खड्डा. याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर, म्हणजे साडेचारशे फूट. एवढा मोठा आणि एवढा गोल खड्डा कुणी खणला? आपल्या पूर्वजांना हा प्रश्न पडलाच होता. त्यांचे उत्तर असे: इथं लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली घर करून राहत होता. लोकांना त्याने त्राही भगवान करून सोडले. तेव्हा विष्णूने सुंदर रूप घेतले, दैत्याच्या दोघी बहिणींकडून त्याच्या लपण्याची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने त्या घराचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. जो खड्डा उरला ते हे तळे. तळ्याचे पाणी म्हणजे दैत्याचे रक्त, आणि पाण्यातला खार म्हणजे त्याचे मांस.

आता तुम्ही म्हणाल, ही तर पुराणातली वांगी. पण थांबा. कथा नीट ऐका. 'लवण' म्हणजे मीठ. ज्याने ही गोष्ट पहिल्यांदा रचली, त्याने तीन गोष्टी बरोबर हेरल्या होत्या. हा खड्डा साध्या नदीओढ्याने झालेला नाही. तो एका फटक्यात झाला. आणि इथल्या पाण्यात काहीतरी वेगळे आहे. पुढे १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षे वाद चालला. कुणी म्हणे हे ज्वालामुखीचे तोंड, कुणी म्हणे जमीन खचली. १९७३ साली शास्त्रज्ञांनी इथल्या दगडांचे नमुने तपासून दाखवले की, ज्वालामुखीत घडू शकत नाहीत असे बदल या दगडांत झालेले आहेत. एवढा दाब एकाच गोष्टीने येतो: आकाशातून आदळलेल्या उल्केने. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, उल्कापाताने झालेले आणि इतके चांगले टिकलेले विवर जगात फार दुर्मिळ आहे. पूर्वी त्याचे वय सुमारे पन्नास हजार वर्षे धरीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले.

विष्णूने झाकण उडवले तो अंगठा म्हणजे उल्का, असे मी म्हणणार नाही. दंतकथेला ओढून ताणून विज्ञान करू नये. पण वर्गात ही कथा सांगताना तिला हसूही नये. प्रश्न विचारण्याची ती जुनी रीत आहे.

या विष्णूचे देऊळ वर गावात आहे. त्याचे नाव दैत्यसूदन. 'सूदन' म्हणजे नाश करणारा. आणि खाली पाण्याकाठी कमळजा. 'कमळजा' शब्दाची फोड केली तर कमळातून जन्मलेली, म्हणजे लक्ष्मी. वर विष्णू आणि खाली लक्ष्मी, अशी ही जोडी. गंमत अशी की, ज्या तळ्याकाठी ती बसली आहे त्या खाऱ्या पाण्यात कमळ उगवू शकत नाही.

लोणारला जुन्या ग्रंथांत विरजक्षेत्र असे नाव आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी इथं राहून गेले. 'लीळाचरित्रा'त लोणारच्या लीळा आहेत. सोळाव्या शतकाच्या शेवटी अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने 'ऐने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लोणारचे नाव घेतले आहे. ब्राह्मण या ठिकाणाला विष्णुगया म्हणतात, आणि काच व साबण करायला लागणारा माल इथं मिळतो, असे तो सांगतो. म्हणजे पाहा, एकाच जागी यात्रेकरूही येत होते आणि खारवालेही. तळ्याच्या काठावर साचणाऱ्या खाराला दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी प्रतवारीची नावे होती. आपल्या पापडात पडणारा पापडखार हा याच जातीचा. असे बारा महिने माणसांचे जाणे-येणे असलेले हे ठिकाण होते. मग तिथं देवळे उभी राहिली यात नवल नाही.

आता मुख्य प्रश्न. हे देऊळ किती जुने?

गावात विचाराल तर एक म्हणेल, पांडवांनी एका रात्रीत बांधलं. दुसरा म्हणेल, हेमाडपंतानं बांधलं. पहिले उत्तर सोडून देऊ. दुसऱ्याची जरा फोड करू. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मोठा अधिकारी. महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि त्याच्यानंतर गादीवर आलेला रामचंद्र यादव यांच्या काळात तो होऊन गेला. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. परंतु चुन्याशिवाय रचलेले दगडी देऊळ दिसले की ते हेमाडपंताचे, अशी आपल्याकडे समजूत पडून गेली. ती खरी नाही. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवमंदिर याच तऱ्हेचे आहे, आणि तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आहे. हेमाडपंताच्या आधी दोनशे वर्षे! तेव्हा 'हेमाडपंती' हे नाव माणसाचे नसून बांधणीच्या पद्धतीचे आहे, असे समजावे. कमळजेचे देऊळ या पद्धतीचे आहे, आणि चालुक्य-यादवांच्या काळात वऱ्हाड-मराठवाड्यात जी देवळांची मोठी लाट आली, तिच्यातले ते आहे. आठशे वर्षांच्या आसपासचे, असे म्हणायला हरकत नाही. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत यादवांचे राज्य बुडाले. त्याबरोबर एवढ्या मोठ्या बांधकामांना असलेला राजाश्रयही गेला.

ही पद्धत म्हणजे काय, ते आता पाहू. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा भाग मुलांना देवळासमोर उभे करून सांगावा.

पहिली गोष्ट म्हणजे दगड. आपल्या वऱ्हाडात पायाखाली काळा पाषाण आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून तयार झाला. फार टणक, पण त्याला एक खोड आहे. त्याच्यावर वजन ठेवा, तो दाद देणार नाही. पण त्याची लांब तुळई करून दोन टोकांवर टेकवा, तर मधोमध तडकायची भीती. लाकूड वाकते, दगड वाकत नाही, तो एकदम मोडतो. म्हणून अशा देवळात खांब जवळजवळ असतात. सभामंडपात खांबांची एवढी दाटी का, असे मुले विचारतील. दगडी तुळईची लांबी कमी ठेवायची होती, हे त्याचे उत्तर.

दुसरी गोष्ट म्हणजे जोड. चुना नाही, माती नाही. घडीव दगड दुसऱ्या घडीव दगडावर नुसता बसवलेला. कुठं एकाला खाच आणि दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ. सुतार चौकटीला कुसू करतो, तशीच ही युक्ती. मग सगळे धरून काय ठेवते? वजन. वरच्या दगडाचा भार खालच्याला दाबून ठेवतो. जितके वर रचाल तितके खालचे पक्के बसते. अशी भिंत थोडी हलली तरी तिचे जोड जरासे सरकतात आणि पुन्हा टेकतात. चुन्याच्या भिंतीला तडा जातो, तसा तिला लगेच जात नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे छत. चौकोनी दालनावर एकच अखंड दगड टाकता येत नाही. मग कारागिरांनी काय केले? चार कोपऱ्यांवर चार दगड तिरपे टाकले. मधली मोकळी जागा आपोआप लहान झाली, आणि तिचा चौकोन तिरका फिरला. त्या तिरक्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर पुन्हा चार दगड. जागा आणखी लहान. असे करीत शेवटी जे भोक उरले, त्यावर एक शिळा, बहुधा कमळ कोरलेली. शाळेत हे करून पाहण्यासारखे आहे. पाटी-पुस्तके घ्या, चौकोन मांडा आणि कोपऱ्यांवरून आत आत रचत जा. मुलांना दहा मिनिटांत जे उमगेल ते तासभर फळ्यावर सांगून उमगणार नाही.

देवळाचे भाग सगळीकडे तेच. बाहेर सभामंडप, त्यात उजेड असतो. मग अंतराळ, म्हणजे अरुंद मधली जागा. मग गर्भगृह, जिथं मूर्ती आणि अंधार. एकेका पावलाला उजेड कमी होत जातो, आवाज खाली येतो. कमळजेच्या देवळात उंच शिखराचा थाट नाही, कोरीव कामाची गर्दीही नाही. समोर दीपमाळ, मागे झाडी आणि बाजूला पाणी.

हा साधेपणा कळण्यासाठी वर येऊन दैत्यसूदनाचे देऊळ पाहावे. त्याची आखणी चांदणीसारखी कोनाकोनाची आहे. सुमारे १०५ फूट लांब, ८४ फूट रुंद आणि दीड मीटर उंच चौथऱ्यावर उभे. बाहेरच्या भिंतींवर देवदेवता आणि नायिकांच्या मूर्ती. आत मान वर करून छताकडे पाहा, म्हणजे दैत्यवधाचे प्रसंग कोरलेले दिसतील. छतावरचे ते काम पाहताना मान अवघडून येते, पण नजर हलत नाही. दोन्ही देवळांचा दगड एकच. पण वरचे देऊळ नगराच्या वैभवासाठी बांधलेले, आणि खालचे रानातल्या तीर्थासाठी.

आता पाण्याची गोष्ट. लोणारला दोन पाणी आहेत. काठाजवळ 'धार' नावाचे ठिकाण आहे. तिथं दगडी गोमुखातून गोड्या पाण्याचा झरा वाहतो. यात्रेकरू तिथं स्नान करतात आणि मग पुढे खाली उतरतात. धारेचे पाणी तोंडात घ्या, ते आपल्या विहिरीसारखे लागेल. तेच पाणी तळ्यात गेले की खारट, बुळबुळीत होते. असे का? कारण तळ्यातून पाणी बाहेर वाहून जायला वाट नाही. झरे येतात, पावसाळ्यात ओहोळ येतात, आणि जाते ते फक्त उन्हाने वाफ होऊन. वाफ गोडी असते. खार मागे राहतो. हजारो वर्षे हाच हिशेब चालला, म्हणून तळे सोड्याचे झाले. दूध आटवले की साय आणि साखर मागे राहते, तसेच हे.

देवळासमोर तळ्याच्या पात्रात एक विहीर आहे. पाणी ओसरले की ती उघडी पडते. लोक तिला 'सासू-सुनेची विहीर' म्हणतात. तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, अशी तिची ख्याती. आता कोणती बाजू सासूची आणि कोणती सुनेची, हे ज्याने त्याने आपापल्या घरी ठरवावे! पण त्यामागचे कारण समजून घ्या. काठाकडून जमिनीतला गोडा पाझर येतो, तळ्याकडून खारा. गोडे पाणी हलके आणि खारे पाणी जड, म्हणून दोन्ही लगेच मिसळत नाहीत.

२०२० सालच्या जून महिन्यात या तळ्याचे पाणी गुलाबी झाले. देशभर बातमी गेली. कुणाला लवणासुराचे रक्त आठवले, कुणी घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पाणी कमी झाले, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंग धरणारे अतिसूक्ष्म जीव बळावले, असे निघाले. काही दिवसांनी रंग ओसरला. त्याच वर्षी रामसर कराराच्या यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, लोणारचे नाव आले.

म्हणजे तेव्हा चिंता होती पाणी कमी होण्याची. त्यानंतरच्या पावसाळ्यांत उलट झाले. पाणी चढू लागले. पायवाट पाण्याखाली गेली, काठची झाडे पाण्यात उभी राहिली, आणि पाणी कमळजेच्या देवळाशी येऊन भिडले. 'मायच्या दारात पानी आलं,' असे लोक म्हणू लागले. बंद तळ्याचा जमाखर्च सोपा असतो. जमा जास्त आणि खर्च कमी झाला की शिल्लक वाढणार. इथं खर्च एकच, तो उन्हाचा. जमा मात्र पावसाची, ओहोळांची आणि झऱ्यांची. यातली कुणाची बाजू किती वाढली, हे वर्षानुवर्षे मोजल्याशिवाय ठरवता येत नाही.

काही जण म्हणतात, दगडाचं देऊळ आहे, पाण्यानं काय होणार? नुसते पाणी असते तर फारसे झालेही नसते. नदीच्या घाटावरचे दगड शेकडो वर्षे पाण्यात राहतात. पण हे पाणी खाराचे आहे. दगडाला अतिसूक्ष्म भोके असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी त्यांतून भिंतीत वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते, आणि खार आत स्फटिक होऊन बसतो. स्फटिक वाढताना दगडाला आतून रेटतो. ओले होणे, वाळणे, पुन्हा ओले होणे, असे चालले की दगडाच्या पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. पहिल्यांदा जाते ते कोरीव काम, कारण ते पृष्ठभागावरच असते. म्हणून पाणी देवळात असतानापेक्षा पाणी ओसरून भिंती वाळताना जास्त जपावे लागते. आणि पाया भिजून माती सरकली तर एक धोका आणखी. वजनावर उभ्या असलेल्या देवळाला खालचा आधार सपाट लागतो.

अशा वेळी आपल्या हातून भक्तीच्या भरात चुका होतात. भेगेत सिमेंट भरायचे, भिंतीला तेलरंग द्यायचा, खांबांना शेंदूर फासायचा. हेतू चांगला, पण सिमेंट आणि तेलरंग दगडाचा श्वास कोंडतात. आतला ओलावा बाहेर पडायची वाट शोधतो आणि शेजारचा चांगला दगड फोडून बाहेर येतो. भेग दिसली तर ती भरू नका, तिची खबर पुरातत्त्व खात्याला आणि वन खात्याला द्या. सुटून पडलेला कोरीव दगड दिसला तर तो घरी आणू नका, गावातल्या पाराला लावू नका, जागेवरून हलवूसुद्धा नका. चुन्याशिवाय रचलेले देऊळ पुन्हा जसेच्या तसे उभे करता येते. पण त्यासाठी प्रत्येक दगड कुठं पडला होता हे ठाऊक असावे लागते.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. लोणारला सहल नेलीत तर मुलांना पाण्याजवळ जाऊ देऊ नका. काठ निसरडा आहे आणि हे अभयारण्य आहे. पण विवराच्या काठावरची एक जागा ठरवा. तिथून तळे आणि कमळजेचे देऊळ पाहा. एका वहीत तारीख घाला, पाणी कुठपर्यंत आहे ते कोणत्या झाडाच्या, कोणत्या दगडाच्या खुणेवरून दिसते ते लिहा आणि साधे चित्र काढा. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच जागेवरून त्याच वहीत पुढे लिहावे. दहा वर्षांनी अशी वही ज्या शाळेत असेल, त्या शाळेकडे अभ्यासक स्वतः चालत येतील. १८२३ सालच्या त्या परक्या अधिकाऱ्यानेही फार काही केले नव्हते. जे दिसले ते त्याने लिहून ठेवले, एवढेच.

आणि दर्शनाला जाल तेव्हा, पाणी वाटेवर असेल तर हट्टाने आत शिरू नका. काठावरून हात जोडले तरी मायला ते पोचतात.